गुडघे असलेलं कार्टून

हिवाळे सरांच्या घरी गेलात तर बसू नका. काय असेल ते उभ्याउभ्या बोला आणि निघा. कारण बसलं की कधीतरी उठावं लागतं, आणि तुम्ही उठलात की सर चष्मा कपाळावर चढवून म्हणतात, "बराबर दिसलं न्हाई. पुन्हा उठा."

नव्या माणसाला वाटतं, आपल्या पँटला मागं काही लागलं असावं. तो हात फिरवून बघतो. तसं काही नसतं. सर मान तिरकी करून त्याच्या गुडघ्यांकडे बघत असतात. उठताना आधी हात खुर्चीला टेकला की आधी तोंडातून 'आई गं' निघालं, एवढंच त्यांना हवं असतं. ते त्या माणसाला स्वतःलाही ठाऊक नसतं, म्हणून तो बिचारा पुन्हा बसतो, पुन्हा उठतो. चहाला बोलावलेला माणूस त्यांच्या घरून व्यायाम करून बाहेर पडतो.

आमचे व्याही पहिल्यांदा जाफराबादला आले तेव्हा मी मोठ्या कौतुकानं त्यांना शेजारी घेऊन गेलो. व्याही म्हणजे पाण्याचा तांब्या डाव्या हातानं पुढे केला तरी मनात धरून ठेवणारा माणूस. सरांनी त्यांना इतक्यांदा उठवलं की शेवटी ते उठले ते थेट आमच्या घरी येऊन पिशवी भरायला लागले. 'शेजाऱ्यांनी मला बसू दिलं नाही,' असं त्यांनी पुढे सगळ्या सोयऱ्याधायऱ्यांत सांगितलं. सरांच्या कानावर हे घातलं तर ते म्हणाले, "पण उठले बाकी झकास. सगळा जोर डाव्या मांडीवर. असा उठणारा माणूस आपल्याकडं न्हाई."

तर असे हे आमचे हिवाळे सर. मी मिसाळ, एसटीत वाहतूक नियंत्रक होतो. आयुष्यभर माईकवरून लोकांना 'इकडे लक्ष द्या' म्हणत आलो आणि निवृत्त झालो त्या दिवसापासून घरात माझ्याकडे कोणी लक्ष देईना. सर माझ्या भिंतीला भिंत लावून राहतात. त्यांनी शाळेत चित्रकला शिकवली. तालुक्यातल्या दोन पिढ्यांना उगवता सूर्य, नारळाचं झाड आणि नदीतली होडी काढता येते ती त्यांच्यामुळे. आमच्या नदीत उन्हाळ्यात म्हशीला बसायला पाणी नसतं, होडी कुठली. पण अभ्यासक्रमात होडी होती, म्हणून सरांनी होडी शिकवली आणि नोकरी संपेपर्यंत मनातल्या मनात त्या होडीवर चिडून राहिले.

शेजार जुना असला तरी आमची दोस्ती झाली ती बसस्टँडवर. मी तेव्हा नोकरीत होतो, सर नुकतेच निवृत्त झाले होते. ते येऊन गाडीच्या दारापाशी उभे राहायचे आणि उतरणाऱ्या म्हाताऱ्या माणसांचे पाय बघायचे. एकदा भोकरदनच्या गाडीतून उतरलेल्या एका म्हाताऱ्याला त्यांनी 'बाबा, जरा पुन्हा चढून उतरता का' म्हणून विनवलं. म्हातारा भला होता, चढला. तेवढ्यात गाडी सुटली. मी माईकवरून ओरडून ती फाटकाशी थांबवली. म्हातारा खाली उतरला आणि सर म्हणाले, "आता बराबर उतरले." मी त्यांना ऑफिसात बसवून पाणी दिलं आणि विचारलं की हा काय प्रकार आहे. तेव्हा मला त्या पिच्चरबद्दल कळलं.

सर कार्टूनचा पिच्चर काढत होते. एकटेच. मोबाईलवर बघून बघून शिकलेले. त्यांची तक्रार अशी की जगातल्या सगळ्या कार्टूनांना रबराचे पाय असतात. उंचावरून पडतात, आपटतात, टुणकन उठतात. "गुडघे कोणालाच न्हाईत हो मिसाळ साहेब. मला गुडघे असलेलं कार्टून काढायचंय." आणि गुडघे असलेलं कार्टून म्हटलं की आजी-आजोबा आलेच. सरांच्या पिच्चरमधे एक आजोबा आहेत, एक आजी आहे आणि मधे रस्ता आहे. आजोबांचं आजीवर मन बसलेलं आहे. बास, एवढीच गोष्ट.

आता मन बसलं म्हणजे काय, तर आजोबा ओट्यावर बसलेले असतात. समोरच्या दारातून आजी पिशवी घेऊन निघते. तिच्याशी बोलावं म्हणून आजोबा उठायला लागतात. पण उठेपर्यंत आजी निघून गेलेली असते. दुसऱ्या दिवशी आजोबा जरा आधी उठायला लागतात, तरी तेच. रोज जरा आधी, रोज जरा उशीर. मी ऐकून हसलो. घरी येऊन खुर्चीतून उठताना मात्र मला ते तितकंसं हसण्यासारखं वाटलं नाही.

ही माणसं सर कापतात लग्नपत्रिकांमधून. जाड, चमकदार, नक्षीचा कागद, शिवाय फुकट. गावात लग्न ठरलं की सर हळदीच्या आधी पत्रिका चाचपून बघतात. पातळ निघाली तर त्यांचा चेहरा पडतो आणि 'जेवण पण असंच पातळ करणार वाटतं हे लोक' असं ते मला बाजूला घेऊन सांगतात. एका सोयाबीनच्या व्यापाऱ्यानं मुलीच्या लग्नाची मरून मखमली पत्रिका काढली, त्यातून आजीचं लुगडं निघालं. आजोबांचं धोतर एका साखरपुड्याच्या पांढऱ्या पाकिटातून आलं. दोघांच्या केसांना खरा कापूस, तोही केदारखेड्याच्या मावसभावाच्या शेतातला. आणि गुडघ्यांना, कोपरांना शिंप्याकडची टिचबटणं. टिचबटण लावलं की पाय वाकतो. हे मला सांगताना सरांना इतका आनंद झाला होता की मी माझ्या झब्ब्याचं टिचबटण काढून त्यांना दिलं.

माणसं जमिनीवर आडवी ठेवायची, वर स्टूल उभं करून त्याच्या पायांना मोबाईल बांधायचा आणि पाय केसभर सरकवून फोटो काढायचा. पुन्हा केसभर, पुन्हा फोटो. आजीनं एक पाऊल टाकलं की सरांची अख्खी दुपार जाते. आणि या सगळ्यात पंखा बंद. मे महिन्यात, जाफराबादला, पंखा बंद. वारा लागला की आजोबा कोपऱ्यात आणि आजी मोरीत. एकदा माझ्या बायकोला, सुमनला, शिंक आली आणि आजीचं मुंडकं कपाटाखाली गेलं. सर ओणवे होऊन मोडक्या काठीनं ते काढत होते आणि सुमन घाबरून 'भाऊजी, लागलं तर न्हाई ना तिला' असं विचारत होती. सर म्हणाले, "न्हाई, कापूस हाये डोक्याला." दोघंही अगदी गंभीर होते.

इथपर्यंत सगळं सरांच्या स्वभावातलं होतं. मला खटकली ती वेगळीच गोष्ट. सर रोज दाढीला जायला लागले.

सरांच्या डोक्यावर कानाच्या वर दोन रेघा सोडल्या तर केस नाहीत. दाढी त्यांनी अख्ख्या नोकरीत घरी केली. ब्लेड काचेच्या ग्लासात घासून घासून त्याच्या पार आठवणी होईपर्यंत वापरणारा हा माणूस. आता मात्र रोज सकाळी अशोकच्या कटिंगच्या दुकानात. त्यातही दाराजवळचीच खुर्ची पाहिजे. ती भरलेली असली तर 'तुमचं होऊ द्या, मला काय जल्दी न्हाई' म्हणत बाकावर पेपर वाचत बसणार. मीही तिथंच पेपर वाचतो, म्हणून माझ्या लक्षात आलं. अशोकचीही एक तक्रार होती. तो म्हणाला, "साहेब, गालाला वस्तरा लागला की माणूस डोळे मिटतो. सर डोळे फाडून आरशात बघत बसत्यात. मला भ्याव वाटतं."

अशोकच्या दुकानाच्या समोर, रस्त्यापलीकडे, खरात सिस्टरचं घर आहे. सिस्टर सरकारी दवाखान्यात नर्स होत्या. तालुक्यात असा माणूस शोधून सापडणार नाही ज्यानं त्यांच्यापुढे पालथं पडून सुई घेतलेली नाही. त्यामुळे गावातले भलेभले पुढारी त्यांच्यासमोर नजर वर करून बोलत नाहीत. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगी जालन्याला दिलेली. निवृत्तीनंतरही त्या रोज सकाळी पिशवीत बीपीचं यंत्र घेऊन निघतात आणि ज्यांना दवाखान्यात जाणं होत नाही अशांचं बीपी बघून येतात. गुडघा दुखतो, तरी जातात. कोणी चहा विचारला तर 'साखर कमी करा' असं त्यालाच ऐकवून येतात.

सुमनच्या डोक्यात प्रकाश माझ्या आधी पडला. रात्री जेवताना ती म्हणाली, "भाऊजींनी तुम्हाला उठवलं, मला उठवलं, व्याह्यांना उठवलं, रस्त्यावरच्या माणसाला सोडलं न्हाई. सिस्टरला कधी उठवलंय का?"

मी विचार केला. नव्हतं उठवलं. मी म्हणालो, घाबरत असतील, सुईची सवय अजून गेली नसेल.

"घाबरतात हे खरं," सुमन म्हणाली. "पण सुईला न्हाई." आणि माझ्या ताटात भाकरी टाकून ती माझ्याकडे अशी बघत राहिली की मी एवढी वर्षं गाड्या वेळेवर कशा सोडल्या याचंच तिला नवल वाटत असावं.

मी दुसऱ्या दिवशी सरांना सरळच विचारलं. ते जमिनीवर पालथे पडून आजीचा पाय सरकवत होते. त्यांनी मान वर केली नाही. तसंच पडून म्हणाले, "बायको जाऊन लई वर्षं झाली. पोरगा पुण्याला. सणाला येतो, चांगला हाये. पण घरात बोलायला कोणी न्हाई हो. सकाळी उठलो की संध्याकाळपर्यंत माझा आवाज मलाच ऐकू येत न्हाई. ही कागदाची आजी बी बोलत न्हाई, पण हिचा पाय तरी हलतो." मग त्यांनी फोटो काढला. "पिच्चर पुरा झाला की मंडळात दाखवायचा. सिस्टर येतातच. त्यांला कळलं तर कळलं. न्हाई कळलं तर म्हणायचं, पिच्चर होता."

मला एकदम वाईट वाटलं. या माणसानं गावभराला उठवलं, पण एका बाईला 'जरा थांबा' म्हणायची त्याची छाती होत नव्हती. त्यासाठी तो वर्षभर घामाघूम होऊन कागदाचे पाय हलवत होता.

आता मंडळ म्हणजे आमचं ज्येष्ठ नागरिक मंडळ. त्याचे अध्यक्ष टेकाळे अण्णा. अण्णा रोज पहाटे मंडळाच्या ग्रुपवर गुलाबाच्या फुलाबरोबर एक सुविचार टाकतात आणि मग कोणी कोणी बघितलं ते दिवसभर तपासतात. त्यांच्या मते साठीनंतर माणसाला तीनच गोष्टी शोभतात: नातवंडं, पथ्यपाणी आणि नव्या पिढीबद्दलची चिंता. मंडळाच्या सभागृहात डाव्या बाजूला पुरुषांच्या खुर्च्या, उजव्या बाजूला बायकांच्या आणि मधे रिकामी वाट. जन्मभर एका छपराखाली संसार केलेली जोडपीसुद्धा दारातून आत आली की फुटतात आणि दोन बाजूंना जाऊन बसतात. मी आणि सुमनही. का, ते कोणी विचारलेलं नाही. अण्णांच्या कारकिर्दीत ती वाट ओलांडल्याचं कोणी पाहिलेलंही नाही.

मंडळाच्या वार्षिक कार्यक्रमात पिच्चर दाखवावा म्हणून सर अण्णांकडे गेले. सोबत मी होतोच. अण्णांनी आधी पिच्चर बघायला मागितला. सर शेवट सोडून बाकीचा मोबाईलवर घेऊन गेले होते. अण्णांनी तो मोबाईल हातभर लांब धरून पाहिला. मग म्हणाले की तांत्रिकदृष्ट्या उत्तम आहे, पण आजोबांच्या मनात नेमकं काय आहे ते स्पष्ट होत नाही. सर म्हणाले, अण्णा, सगळ्याला स्पष्ट होतं. अण्णा म्हणाले, "तेच म्हणतो मी. समाजात काय संदेश जाईल? शेवटी आजीनं आजोबांना राखी बांधावी. म्हणजे सगळं आपोआप बसतं. आणि जमलं तर दोघांनी मिळून एखादं झाड लावावं."

सभागृह अण्णांचं, पडदा अण्णांचा, प्रोजेक्टर अण्णांच्या भाच्याचा. सर 'बघतो' म्हणाले.

आठवड्यानं मी गेलो तर टेबलावर तांदळाएवढी राखी होती. कुठल्याशा पत्रिकेतल्या सोनेरी गणपतीच्या मुकुटातून कापलेली. इतकी नाजूक की मला आधी दिसलीच नाही. शेजारी आजी आडवी पडलेली, हात पुढे केलेला. सर नुसते बसले होते. पंखा चालू होता. त्यावरूनच मी समजलो.

"बांधायला गेलो," सर म्हणाले. "हातच जात न्हाई."

मी म्हणालो, मग नका बांधू. ते म्हणाले, मंग दाखवायचं कुठं? आणि दाखवलंच न्हाई तर हे सगळं मी कशापायी करून राह्यलो? आम्ही दोघं त्या आजीकडे बघत बसलो. तिचा कापूस पंख्यानं हलत होता.

कार्यक्रमाच्या दिवशी निवेदनाचं काम माझ्याकडे आलं. माईक हातात आल्याबरोबर माझी जीभ जुन्या वळणावर गेली आणि मी 'सर्व प्रवाशांनी' अशी सुरुवात केली. लोक हसले. सुमननं बायकांच्या बाजूनं कपाळाला हात लावला. सत्कार झाले, अण्णांचं भाषण झालं, अण्णांनी सुविचार म्हणून दाखवले, ते सगळ्यांनी सकाळीच वाचलेले होते. मग दिवे मालवले. सर पुरुषांच्या पहिल्या रांगेत, वाटेला लागून, प्रोजेक्टरशेजारच्या खुर्चीवर बसले. वाटेच्या पलीकडे पहिल्याच खुर्चीवर खरात सिस्टर. गुडघा वाकत नाही म्हणून त्यांचा पाय वाटेत लांब केलेला होता. अशोक दुकान बंद करून आला होता आणि मागं दाराशी उभा होता.

पिच्चर सुरू झाला. एवढासा पिच्चर, चहा गार व्हायच्या आत संपणारा. पण आजोबा उठायला लागले आणि सभागृहात खसखस पिकली. हात कोणाचा, कण्हणं कोणाचं, लोक ओळखायला लागले. "हे तर अण्णा उठून राह्यले," कोणीतरी म्हणालं. अण्णा अंधारात खाकरले. मला माझी कंबर दिसली. आमच्या व्याह्यांची मांडी मी लगेच ओळखली. आम्ही सगळे त्या एका कागदी म्हाताऱ्यात होतो, आणि आम्ही सगळे उशिरा उठत होतो.

मग आजी दारातून निघाली आणि हसणं थांबलं. पायरीवर जरा थांबून, गुडघ्यावर हात ठेवून, खांदा किंचित झुकवून ती चालायला लागली. हातात पिशवी. बायकांच्या बाजूनं कुजबुज सुरू झाली ती मागच्या रांगेपर्यंत गेली. ती चाल अख्ख्या तालुक्याच्या ओळखीची होती. सिस्टर हालल्या नाहीत. त्या पडद्याकडे बघत होत्या, तपासल्यासारखं.

शेवटच्या दिवशी आजोबा बसतच नाहीत. पहाटेपासून ओट्यावर उभे. आजी दार उघडते, त्यांना उभं बघते आणि थांबते. हा या बाजूला, ती त्या बाजूला, मधे रस्ता. आणि पडदा पांढरा झाला.

दिवे लागले. अण्णा वाट बघत होते. त्यांना वाटलं, मशीन अडकलं.

"हिवाळे, राखी राहिली," ते म्हणाले.

सर खाली बघत म्हणाले, "अण्णा, शेवट मला काढता येत न्हाई. तो माझ्या हातातला न्हाई."

तेवढ्यात सिस्टरचा आवाज आला, दवाखान्यातला, खणखणीत. "चुकलंय."

सरांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. मी माईक छातीशी धरून उभा राहिलो. आता ही बाई चारचौघांत या माणसाची काय अवस्था करणार, कोण जाणे.

"माझा उजवा गुडघा दुखतो," सिस्टर म्हणाल्या. "तुमची बाई डावा धरून चालून राह्यली. पिशवी मी डाव्या हातात धरते, हिच्या उजव्या हातात हाये. आणि मी निघते ती बाजाराकडं. ही चालली उलट्या दिशेला, नदीकडं."

त्या 'माझा' म्हणाल्या, हे लोकांच्या हळूहळू लक्षात आलं. सुमनच्या पहिल्यांदा. पण सरांच्या नाही. सरांना एवढंच ऐकू आलं होतं की त्यांची चाल चुकली. सगळं आयुष्य होडी काढण्यात गेलेल्या माणसाला आता कुठं एक गोष्ट नेमकी जमली होती, आणि तीच कोणी चूक म्हणत होतं. ते तावातावानं म्हणाले, "न्हाई. बिलकुल बराबर हाये. डावाच. मी रोज बघून राह्यलो."

बोलून गेले आणि मग त्यांना कळलं आपण काय बोललो ते. कानाच्या वरच्या त्या दोन रेघांपर्यंत ते लाल झाले. मागं दाराशी अशोकला खोकला लागला. अण्णांनी कोणाला तरी आभारप्रदर्शन सुरू करायची खूण केली, पण आभारप्रदर्शन माझ्याकडेच होतं आणि मी माईक बंद करून टाकला.

"कुठून बघता?" सिस्टरनी विचारलं.

सर काय सांगणार. गालाला फेस लावून, मान वर करून, पाठ रस्त्याकडे. सरळ वळून बघायची हिंमत नाही म्हणून वर्षभर आरशातून बघितलेली बाई. माझ्या डोक्यात तेव्हा कुठं उजेड पडला. डावं उजवं झालं, बाजार नदीकडे गेला. माणसांची चाल अचूक पकडणाऱ्या हिवाळे सरांनी जिला सगळ्यांत जास्त पाहिलं तिलाच उलटी काढली होती.

"आरशात उलटं दिसतं, सर," सिस्टर म्हणाल्या. त्यांचा आवाज आता दवाखान्यातला राहिला नव्हता. "आणि तुमाला मी दिसते, मंग मलाबी तुमी दिसताच की. फेस लावलेले. म्हणून तर मी पायरीवर जरा येळ उभी राहते. लोकांना वाटतं, गुडघा दुखतो."

बायकांच्या बाजूला कोणीतरी हसलं आणि लगेच पदर तोंडाला लावला. ती सुमन असावी. अण्णा घड्याळ बघत होते. मला मात्र रडू यायला लागलं, आणि ते का, हे मी सांगू शकत नाही. एवढंच कळत होतं की एकाच गावात राहणारी दोन माणसं वर्षभर एका न्हाव्याच्या आरशात एकमेकांना भेटत होती आणि सरांना वाटत होतं की आपण एकटेच बघतोय.

सिस्टरनी खुर्चीच्या दांडीला हात टेकला आणि उठल्या. उजवा गुडघा धरून त्यांनी एक पाऊल टाकलं, मग दुसरं, आणि अण्णांच्या त्या वाटेच्या मधोमध येऊन उभ्या राहिल्या. सर घाईघाईनं उठायला गेले आणि धडपडले. एवढ्या वर्षांच्या शेजारात सरांना खुर्चीतून उठताना मी कधी नीट पाहिलं नव्हतं. ते आपलं उठणं कोणाला दिसू देत नसत. आम्ही घरात शिरायच्या आत ते उभे असायचे, नाहीतर जमिनीवर पालथे.

"सावकाश उठा, सर," सिस्टर म्हणाल्या. "मी थांबून राह्यले."

सरांनी दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. आधी हात टेकला की आधी तोंडातून 'आई गं' निघालं, ते मला सांगता येणार नाही. मी सिस्टरकडे बघत होतो. सरांना उठायला खूप वेळ लागला, पण त्या खरोखरच थांबल्या होत्या.